बारा किलोमीटरच्या पलीकडची पृथ्वी: मोजलेले काय आणि अनुमानाने काढलेले काय

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र जेमतेम बारा किलोमीटरचे असताना, 2,900 किलोमीटरवर गाभा सुरू होतो, तो वितळलेल्या लोखंडाचा आहे आणि त्याच्या आत पुन्हा एक घन गोळा आहे, हे पुस्तके इतक्या ठामपणे कशी सांगतात? हे सारे मोजलेले आहे की कल्पिलेले? आणि प्रावरण, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, जर घन असेल, तर भूपट्ट सरकतात तरी कशावर?

या प्रश्नांच्या मुळाशी एकच शंका आहे, आणि ती रास्त आहे: जिथे हात पोहोचत नाही, तिथल्या माहितीवर विश्वास किती ठेवावा? भूकंपलेख वाचणे हेच माझे काम असल्यामुळे या शंकेचे उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही. आपण नेमके काय विचारता यावर उत्तराची खात्री अवलंबून असते. गाभ्याची सीमा किती खोल आहे, हे काही किलोमीटरच्या फरकाने सांगता येते. तिथे कोणती मूलद्रव्ये आहेत, हे बऱ्याच अंशी सांगता येते. तिथले तापमान किती, हे मात्र शेकडो अंशांची सूट ठेवूनच सांगावे लागते. पुस्तकातील आकृती या तिन्ही गोष्टी एकाच शाईने छापते, आणि माझ्या मते गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

आधी त्या छिद्राविषयी. रशियातील कोला द्वीपकल्पावर 1970 मध्ये सुरू झालेले खोदकाम 1989 मध्ये 12,262 मीटरपर्यंत पोहोचले. तळाशी तापमान सुमारे 180 अंश सेल्सिअस निघाले; अपेक्षेपेक्षा ते बरेच जास्त होते, आणि त्या उष्णतेत पुढे खणणे अशक्य झाले. पृथ्वीची त्रिज्या 6,371 किलोमीटर आहे, म्हणजे हे छिद्र त्रिज्येच्या 0.2 टक्के भागातही नीट भरत नाही. त्यातून भूकवचाविषयी, तेही एका ठिकाणच्या भूकवचाविषयी, मोलाची माहिती मिळाली. गाभ्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, त्यात मात्र या छिद्राचा काहीही वाटा नाही. ते ज्ञान दुसऱ्याच वाटांनी आले आणि त्यातील बराचसा भाग कोलाचे खोदकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी हाती आला होता.

सर्वांत जुनी वाट वजनाची आहे. हेन्री कॅव्हेंडिश यांनी 1798 मध्ये प्रयोगशाळेत शिशाच्या गोळ्यांमधील गुरुत्वाकर्षण मोजून पृथ्वीची सरासरी घनता काढली. ती पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळ आली. पायाखालचे खडक पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड असतात. वरचे थर इतके हलके असतील, तर आत कुठेतरी साडेपाचपटीहून बरेच जड काहीतरी असलेच पाहिजे. पृथ्वीच्या अक्षाची संथ परांचन गती (भोवऱ्याच्या अक्षासारखे डोलणे) आणि तिचा विषुववृत्तावरील फुगवटा यांवरून तिचे वस्तुमान केंद्राकडे किती एकवटले आहे, हेही काढता येते, आणि तेही हेच सांगते. मात्र वजनावरून फक्त ‘आत जड आहे’ एवढेच कळते. सीमा कुठे, ती ठळक की पुसट, घन की द्रव, हे कळत नाही. त्यासाठी भूकंपाचे तरंग लागतात.

भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारचे तरंग आतल्या आत सर्व दिशांना जातात. पी-तरंगांत खडक पुढेमागे दाबला आणि ताणला जातो. ते घन, द्रव, वायू अशा सगळ्यांतून जातात. एस-तरंगांत खडक आडवा हलतो. द्रवाला आडव्या हलण्याला विरोध करता येत नाही, म्हणून हे तरंग द्रवातून जाऊच शकत नाहीत. खोलीबरोबर वेग वाढत जात असल्यामुळे तरंगांचे मार्ग सरळ न राहता वर वळतात, आणि जे भूकंपमापन स्थानक भूकंपापासून जितके दूर, तितका तिथे पोहोचलेला तरंग अधिक खोल जाऊन आलेला असतो. पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजून 60 अंश दूर असलेल्या स्थानकावर पी-तरंग सुमारे दहा मिनिटांत पोहोचतो आणि वाटेत साधारण 1,600 किलोमीटर खोलीला स्पर्श करून येतो. त्याच भूकंपाचा एस-तरंग तिथे यायला अठरा मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो. हजारो भूकंप आणि शेकडो स्थानके यांच्या अशा वेळा एकत्र मांडल्या की अंतर आणि वेळ यांचा आलेख तयार होतो. तो हाती आला की प्रत्येक खोलीवर वेग किती असला पाहिजे, हे गणिताने उलगडता येते. ही पद्धत गुस्टाव्ह हेरग्लोट्झ आणि एमिल वीशर्ट यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बसवली. वेग खोलीबरोबर वाढत असेल तोवर तिचे उत्तर एकच येते. तिथे कुणाच्या कल्पनेला वाव राहत नाही. जिथे वेग एकदम घटतो तिथे मात्र ती पद्धत अडते, आणि नेमकी तशी जागा पृथ्वीत आहे.

त्या जागेचा शोध टप्प्याटप्प्याने लागला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी 12 जून 1897 च्या आसाम भूकंपाच्या दूरदूरच्या नोंदींत पी, एस आणि पृष्ठतरंग वेगळे ओळखले, आणि 1906 मध्ये, फार दूरच्या स्थानकांवर तरंग अपेक्षेपेक्षा उशिरा येतात यावरून, आत संथ वेगाचा गाभा असल्याचे मांडले. आंद्रिया मोहोरोविचिच यांनी 8 ऑक्टोबर 1909 च्या झाग्रेबजवळील भूकंपाच्या नोंदींवरून भूकवच आणि प्रावरण यांची सीमा दाखवली. बेनो गुटेनबर्ग यांनी थोड्याच काळात गाभ्याची खोली 2,900 किलोमीटर काढली. आजचा स्वीकृत आकडा 2,891 आहे. शंभर वर्षांत उपकरणे, घड्याळे, गणनयंत्रे सगळे बदलले, तरी तो आकडा फक्त नऊ किलोमीटरने हलला. कल्पनेने काढलेल्या आकड्यांचे असे होत नाही.

गाभ्याच्या सीमेवर पी-तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे 13.7 किलोमीटरवरून 8 किलोमीटरवर कोसळतो आणि एस-तरंगांचा वेग सुमारे 7.3 किलोमीटरवरून शून्यावर येतो. त्यामुळे गाभ्यात शिरणारे पी-तरंग तीव्रपणे आत वळतात, आणि भूकंपापासून साधारण 104 ते 140 अंशांच्या पट्ट्यात थेट पी-तरंग पोहोचतच नाहीत. याला छायाप्रदेश म्हणतात. इंगे लेमान यांनी याच छायाप्रदेशाकडे बारकाईने पाहिले. 1929 च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदींत, जिथे काहीच यायला नको होते तिथे क्षीण पी-तरंग आलेले त्यांना दिसले. गाभ्याच्या आत आणखी एक, अधिक वेगाचा गोळा असेल आणि त्यावरून तरंग परावर्तित होत असतील तरच त्यांचा मेळ लागतो, हे त्यांनी 1936 मध्ये मांडले. त्या अंतर्गाभ्याची त्रिज्या सुमारे 1,220 किलोमीटर आहे. माझ्या मते या शास्त्रातील सर्वांत देखणे अनुमान हेच आहे, कारण ते उभे आहे अगदी लहानशा आणि इतरांनी बाजूला ठेवलेल्या नोंदींवर.

इथे एक गोष्ट जवळून पाहू, म्हणजे ‘मोजले’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट होईल. पाचसहाशे किलोमीटर खोलीवर मोठा भूकंप झाला आणि आपले स्थानक त्याच्या जवळजवळ वर असले, तर त्या स्थानकावरील जमिनीच्या आडव्या हालचालीच्या नोंदीत सुरुवातीच्या मोठ्या हालचाली शमल्यानंतर एक टोकदार एस-तरंग येतो. तो खाली जाऊन, गाभ्याच्या सीमेवर आपटून परत आलेला असतो. त्यानंतर सुमारे 15.6 मिनिटांनी तसाच आणखी एक येतो, आणि भूकंप पुरेसा मोठा असेल तर तेवढ्याच अंतराने तिसराही येतो, कारण तोच तरंग पृष्ठभाग आणि गाभा यांच्यामध्ये येरझारा घालत असतो. 15.6 मिनिटे म्हणजे 936 सेकंद. थेट आलेल्या, गाभ्याला न शिवलेल्या एस-तरंगांवरून प्रावरणातील सरासरी वेग स्वतंत्रपणे काढलेला असतो. तो सेकंदाला सुमारे 6.2 किलोमीटर भरतो. गुणाकार केला की जाऊन-येऊन 5,800 किलोमीटर, म्हणजे एकेरी 2,900 किलोमीटर. याहून महत्त्वाचे म्हणजे हा प्रतिध्वनी जोरकस असतो. सीमेपलीकडे घन पदार्थ असता तर एस-तरंगाची बरीच ऊर्जा पलीकडे निघून गेली असती. ती जाऊ शकत नाही, म्हणून आडवे हलणारे तरंग जवळजवळ पूर्ण परत येतात. बाह्य गाभा द्रव आहे, हे पलीकडे एस-तरंग न पोहोचण्यावरून कळतेच. या प्रतिध्वनीच्या जोरावरून ते दुसऱ्या बाजूनेही कळते.

यावर आपण विचारू शकता, की भूकंपाची वेळ आणि जागा तरी आधी कुणाला माहीत असते? तीही त्याच तरंगांवरून काढतात, मग हे वर्तुळात फिरणे झाले नाही का? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर भूमिगत अणुचाचण्यांनी दिले. त्यांची जागा आणि क्षण अचूक ठाऊक असतो, म्हणून त्यांच्या तरंगांच्या आगमनवेळा अंतर आणि वेळ यांच्या तक्त्यांशी थेट ताडून पाहता येतात. 1940 मध्ये हॅरल्ड जेफ्रीज आणि कीथ बुलेन यांनी केवळ भूकंपांवरून तयार केलेले तक्ते या कसोटीला काही सेकंदांच्या फरकाने उतरले. जिथे फरक पडला, तिथे तो फरकच बोलका ठरला. अल्यूशन बेटांवर 1965 मध्ये झालेल्या ‘लाँगशॉट’ चाचणीचे स्थान तक्त्यांवरून काढले असता ते खऱ्या जागेच्या वीसेक किलोमीटर उत्तरेला आले, कारण त्या बेटांखाली उत्तरेकडे घुसत गेलेला थंड, घट्ट भूपट्ट आहे आणि त्यातून तरंग अधिक वेगाने गेले. सर्व पृथ्वीचे सरासरी चित्र बिनचूक असूनही एखाद्या ठिकाणी ते थोडे चुकते, आणि त्या चुकीतूनच तिथली रचना उघड होते. आजची भूकंपीय टोमोग्राफी, म्हणजे लाखो आगमनवेळांतील अशा लहान फरकांवरून पृथ्वीच्या आतले त्रिमितीय चित्र काढण्याची पद्धत, याच तत्त्वावर चालते.

आणखी एक स्वतंत्र पुरावा आहे, ज्यात तरंगांचे मार्ग मोजावेच लागत नाहीत. फार मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी निनादते. 22 मे 1960 च्या चिली भूकंपानंतर, ज्याची महत्ता 9.5 होती, हे निनाद पहिल्यांदा स्पष्टपणे नोंदले गेले. त्यातील सर्वांत संथ निनादाचा आवर्तकाल सुमारे 54 मिनिटे आहे. कोणता निनाद किती आवर्तकालाचा, हे आतल्या घनतेवर आणि ताठपणावर अवलंबून असते. अंतर्गाभा घन आहे हे 1971 मध्ये ॲडम झेवॉन्स्की आणि फ्रीमन गिल्बर्ट यांनी या निनादांवरूनच पक्के केले. त्याआधी तो घन असावा हे केवळ संभवनीय होते, कारण अंतर्गाभ्यातून गेलेला एस-तरंग थेट टिपणे अतिशय अवघड आहे.

आतापर्यंत जे सांगितले ते वेग, सीमा आणि घन-द्रव अवस्था यांविषयी होते, आणि ते मी मोजलेले मानतो. यापुढचे अनुमान आहे. ते भक्कम आहे, तरी अनुमानच आहे.

गाभा लोखंडाचा हे कशावरून? ई. डी. विल्यमसन आणि एल. एच. ॲडम्स यांनी 1923 मध्ये हिशेब करून दाखवले की वरचाच खडक दाबाखाली आवळला जातो एवढे मानून पृथ्वीचे वजन भरत नाही. आत वेगळा, जड पदार्थच हवा. प्रावरणाच्या तळाशी घनता पाण्याच्या साडेपाचपट आहे आणि सीमा ओलांडताच ती जवळजवळ दहापट होते. इतक्या दाबाखाली इतकी घनता आणि असा तरंगवेग असलेले, शिवाय विश्वात विपुल असलेले आणि वीज वाहून पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण करू शकणारे मूलद्रव्य लोखंडच आहे. लोहअशनीही हेच सुचवतात. पण फ्रान्सिस बर्च यांनी 1952 मध्ये लक्षात आणून दिले की बाह्य गाभा शुद्ध लोखंडापेक्षा हलका आहे. आजच्या हिशेबाने ही तूट पाच ते दहा टक्क्यांची आहे. म्हणजे त्यात सिलिकॉन, ऑक्सिजन, गंधक, कार्बन, हायड्रोजन यांपैकी काहीतरी मिसळलेले आहे. नेमके कोणते आणि किती, यावर आजही वाद चालू आहेत. म्हणून ‘गाभा लोखंड आणि निकेलचा आहे’ हे वाक्य मी जसेच्या तसे लिहीत नाही. ‘मुख्यतः लोखंडाचा’ असे लिहितो.

तापमानाचे तर याहून कठीण. अंतर्गाभ्याच्या सीमेवर दाब वातावरणाच्या सुमारे 33 लाख पट असतो. त्या दाबाला लोखंड किती अंशांवर गोठते, हे हिऱ्यांच्या टोकांमध्ये कण दाबून, त्यावर लेसर सोडून आणि धक्कातरंगांचे प्रयोग करून काढतात. उत्तर 5,000 ते 6,000 अंशांच्या दरम्यान येते. त्यात मिसळलेल्या हलक्या मूलद्रव्यांचे प्रमाण माहीत नसल्याने ही रुंदी लवकर कमी होईल असे मला वाटत नाही. प्रावरणातील तापमान त्या मानाने बरे कळते, कारण सुमारे 410 आणि 660 किलोमीटर खोलीवर तरंगांचा वेग पायरीसारखा वाढतो, आणि तिथे ऑलिव्हीन या खनिजाची स्फटिकरचना दाबाखाली बदलते हे प्रयोगशाळेत पडताळलेले आहे. हा बदल ज्या दाबाला आणि तापमानाला होतो, ते तापमान तिथले.

आता भूपट्टांचा प्रश्न. शाळेतल्या आकृत्यांत भूकवचाखाली लालभडक रस दाखवलेला असतो, आणि भूपट्ट त्यावर तरंगतात अशी समजूत घट्ट बसते. ती समजूत सोडून द्यावी. एस-तरंग संपूर्ण प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन खडकाचे आहे. शिलारस काही विशिष्ट जागीच तयार होतो: जिथे खडक वर येताना दाब घटतो, किंवा जिथे बुडणाऱ्या भूपट्टातील पाणी मिसळून खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. पण घन असणे आणि न वाहणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हिमनदीचे बर्फ घन असते आणि तरीही डोंगरउतारावरून वाहते. वितळणबिंदूच्या जवळ तापलेल्या खडकातील स्फटिकांचे दोष हळूहळू सरकत राहतात आणि खडक अतिशय संथपणे आकार बदलतो. काही सेकंदांच्या तरंगाला तो पोलादासारखा ताठ वाटतो. हजारो वर्षांच्या भाराला तो वाट करून देतो.

हेही मोजलेले आहे. स्कँडिनेव्हियावरचा हिमयुगातील प्रचंड बर्फथर वितळून जवळपास दहा हजार वर्षे झाली, तरी बोथनियाच्या आखाताचा किनारा अजून वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटरने वर येत आहे, कारण बर्फाच्या भाराने बाजूला सरकलेला प्रावरणाचा खडक अद्याप परत भरतो आहे. या वेगावरून प्रावरणाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, काढली जाते. म्हणून ‘भूपट्ट कशावर सरकतात’ याचे उत्तर असे: अधिक तापलेल्या, म्हणून अधिक मऊ, पण घनच असलेल्या खडकावर. त्यांना ओढणारे बळ मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या वजनातून येते. महासागरी भूपट्ट जुना आणि थंड झाला की खालच्या खडकापेक्षा जड होतो आणि खंदकापाशी खाली बुडताना मागच्या भागाला ओढतो. ज्या भूपट्टांच्या कडा मोठ्या प्रमाणात बुडत आहेत, ते सर्वसाधारणपणे अधिक वेगाने सरकतात. पॅसिफिक भूपट्ट हे ठळक उदाहरण आहे. बुडत्या भूपट्टाचा मार्गही दिसतो, कारण त्यात भूकंप होत राहतात. किओ वादाती यांनी 1920 च्या दशकाच्या अखेरीस असे खोल भूकंप सिद्ध केले. 24 मे 2013 रोजी ओखोत्स्क समुद्राखाली सुमारे 600 किलोमीटर खोलीवर 8.3 महत्तेचा भूकंप झाला. सुमारे 700 किलोमीटरच्या खाली मात्र भूकंप होत नाहीत, आणि इतक्या खोल खडक नेमका कसा तुटतो, याचे एकमुखी उत्तर अजून नाही.

मग अधिक खोल छिद्र खणण्यात अर्थच नाही का? आहे. 2023 मध्ये अटलांटिक महासागराच्या तळावर, जिथे प्रावरणाचा खडक आपोआप वर आलेला आहे, तिथे 1,268 मीटर खणून त्या खडकाचे नमुने काढण्यात आले. खडकाची रासायनिक घडण तरंगांवरून नीट कळत नाही. ती अशा नमुन्यांनीच कळते. सीमा कुठे आहेत, हे मात्र छिद्रांनी कधीच ठरणार नाही. आणि तरंगांचीही मर्यादा आहे: स्थानके जितकी कमी, तितके चित्र डळमळीत. मंगळावर ‘इनसाइट’ यानाने एकच भूकंपमापक ठेवला होता. त्यावरून 2021 मध्ये तिथल्या गाभ्याची त्रिज्या सुमारे 1,830 किलोमीटर काढली गेली आणि 2023 मध्ये, गाभ्याभोवती वितळलेल्या खडकाचा थर असावा असे दिसल्यावर, ती 1,650 ते 1,675 वर आणावी लागली. पृथ्वीवर असे घडत नाही, ते हजारो स्थानकांमुळे.

आपल्याला माझ्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर जगभरच्या स्थानकांच्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. 7 च्या आसपास महत्तेचा एक भूकंप निवडावा, त्यापासून 30 ते 100 अंश दूर असलेल्या आठ-दहा स्थानकांवर पहिला पी-तरंग केव्हा आला हे पाहून अंतर आणि वेळ यांचा आलेख काढावा. 100 अंशांवर वेळ चौदा मिनिटांहून किंचित कमी येईल. आलेखाचे शेवटचे टोक त्याच उताराने 145 अंशांपर्यंत वाढवले, तर सतरा मिनिटांच्या थोड्या पुढे पी-तरंग यायला हवा असे दिसेल. त्यानंतर 145 अंशांच्या आसपासच्या एखाद्या स्थानकाची नोंद उघडावी. तिथला ठळक पी-तरंग साडेएकोणीस मिनिटांच्या सुमारास येतो. हा सव्वादोन ते अडीच मिनिटांचा उशीर म्हणजे त्या तरंगाने गाभ्यातून काढलेली वाट आहे.